पडद्यावर मोकळा दिसलेला रस्ता

भंडारा रोड स्टेशनवर उतरले तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता आणि आमचे व्याही वामनराव फलाटावर छत्री झटकत उभे होते.

"लवकर येऊन बसला असाल," मी म्हटलं.

"नाही जी, विहीणबाई. कॅमेऱ्यात रस्ता मोकळा दिसला, मंग आरामात निघालो."

कसला कॅमेरा, ते मला घरी गेल्यावर कळलं.

मी साताऱ्याहून आले होते ती लेकीसाठी. गौरीचं पहिलंच बाळंतपण. रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको सांगितलं, तेव्हा माहेरच पिशव्या भरून सासरी निघालं. आमचे जावई नीलेश कोंढ्याच्या शाळेत शिक्षक, म्हणून दोघं तिथेच राहतात. वामनराव आणि निर्मलाताई भंडाऱ्याच्या जुन्या घरी. दिवस भरत आले होते, वैनगंगा फुगली होती. गौरीला वेळेवर भंडाऱ्याला आणून ठेवायचं, एवढंच काम होतं.

घरात शिरताच मागांची खटखट ऐकू आली. वामनरावांचा कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, साड्यांचा व्यापार, आणि दोन माग अजून घरातच चालतात. निर्मलाताईंनी हातपाय धुवायच्या आधीच सांबारवडी (कोथिंबिरीची वडी, इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) पुढे ठेवली. वर तिखट तर्री. मी कोल्हापुरात वाढलेली, तिखटाची मला फुशारकी. दुसऱ्या घासाला ती उतरली आणि मी निमूटपणे ताक मागितलं.

जेवणं झाल्यावर वामनरावांनी टीव्ही लावला. पडद्यावर मालिका नव्हती, बातम्या नव्हत्या. चार चौकोन होते. कारध्याचा पूल, पहेल्याचा चौक, अड्याळचा बाजार आणि कोंढ्याच्या अलीकडचा नाला. जिल्ह्यातल्या काही रस्त्यांवरचे कॅमेरे आता कुणालाही घरबसल्या पाहता येत होते, आणि वामनरावांनी ते फोनवरून टीव्हीवर घेतले होते.

"मी मालिका पाहाले बसली का हे म्हणतेत, थांब, पूल पाहू दे," निर्मलाताईंनी तक्रार केली. "अन् कुठी जातेत? कुठीच नाही. पाहूनच खुश."

मी हसले खरी, पण तासाभरात मीही त्यात गुंतले. पुलाखालून वैनगंगा गढूळ, रुंद, घाई नसल्यासारखी चालली होती. एक जण मोटरसायकल थांबवून कठड्याशी स्वतःचा फोटो काढत होता. मागे बसलेली बाई त्याला काहीतरी सुनावत होती. आवाज नव्हता, तरी काय म्हणत असेल ते मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी जेवण आटोपत होतं, तोच नीलेशचा फोन आला. गोसीखुर्दच्या धरणाला पाणी वाढतंय असं गावात बोलत होते. शेजाऱ्यांची गाडी मिळाली होती. "आम्हीच निघतो. तुम्ही अड्याळपर्यंत या, तिथून तुमच्या गाडीत बसू. नाल्याचा कॅमेरा पाहिला, रस्ता कोरडा आहे."

वामनरावांनीही पाहिला. मीही पाहिला. कोरडा रस्ता, कडेला एक पांढरा बैल बसलेला. आम्ही निघालो.

कारध्याचा पूल ओलांडून डावीउजवीकडे धानाची शेतं लागली. हिरवा रंग इतका गडद की डोळे निवावेत. पहेल्याच्या चौकात वामनरावांनी मुद्दाम गाडी थांबवली, मला खाली उतरवलं आणि खांबाकडे बोट दाखवलं. "हात हालवा." मी हलवला. मिनिटभरात घरी स्वतःच्या फोनवर पाहत बसलेल्या निर्मलाताईंचा फोन. "दिसली, दिसली! विहीणबाई, छत्री घ्या नं, भिजून राहिल्या." साठीच्या उंबरठ्यावर भर चौकात मी एका खांबाला हात करत होते आणि मला त्याची मुळीच लाज वाटली नाही.

अड्याळला पोचलो तेव्हा पावसाने झोडपायला सुरुवात केली होती. हॉटेलवाल्याने गरम आलुबोंडे दिले. दोन चहा झाले. गौरीची गाडी काही येईना, फोनही लागेना. मी पुन्हा नाल्याचं चित्र उघडलं. रस्ता कोरडा. बैल तसाच, पुढचा एक पाय बाहेर काढून. इथे थोड्याच अंतरावर आभाळ कोसळत होतं आणि त्या चित्रात लख्ख उजेड होता.

"वामनराव," मी म्हटलं, "या बैलाने दुपारपासून कानसुद्धा हलवला नाही."

त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "चित्र अटकलं आहे जी. हे सकाळचं आहे." मग हळूच म्हणाले, "पोरं हेच पाहून निघाले."

वामनरावांनी गाडी काढली आणि आम्ही नाल्याच्या दिशेने निघालो.

नाला कुठे आहे ते सांगावं लागलं नाही. रस्ता सरळ पाण्यात शिरत होता आणि पलीकडे पुन्हा वर निघत होता. मधल्या पुलाचा मागमूस नव्हता. पुराबरोबर मासे चढतात म्हणून पलीकडच्या काठावर काही माणसं जाळी घेऊन उभी होती. त्यांच्या मागे एक पांढरी गाडी, आणि गाडीला टेकून, छत्रीखाली, माझी गौरी.

मी हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती मलाच ऐकू आली नाही. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, दिसतेस तू मला." तिने छत्री शेजारी उभ्या नीलेशच्या हाती दिली. "आई, कळा सुरू झाल्यात गं."

समोर लेक दिसत होती, तिचा श्वास माझ्या कानात होता, आणि मला तिच्या पाठीवरून हात फिरवता येत नव्हता. वामनरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि ते पाण्यात उतरले. मी त्यांचा दंड धरला, त्यांनी तो सोडवून घेतला. "माझी सून हाय थे!" फोनवरून गौरी ओरडली, "आई, बाबांना थांबव! ते पाण्यातून आले तर मी दवाखान्यात जायला गाडीत बसणारच नाही!" मी ते जसंच्या तसं सांगितलं. वामनराव पाण्यातच थांबले. मग एक एक पाऊल मागे आले.

फोनमध्ये आता दुसरा आवाज आला. "कायले रडता, आई? पवनीच्या दवाखान्यात नेतो हिले. मी आत्ताच तिकडून आली, रस्ता चालू हाय."

"तुम्ही कोण?"

"सुमन. मासे धरतो आम्ही. पाच लेकरं झाले मले, मले समजते."

पलीकडे एका बाईने हातातलं जाळं शेजारच्याकडे दिलेलं मला दिसलं. ओल्या लुगड्यानिशीच ती गौरीला धरून मागच्या सीटवर बसली. गाडी वळली. झाडांआड जाईपर्यंत मी पाहत राहिले आणि मग त्या झाडांकडेच पाहत राहिले.

अड्याळच्या हॉटेलवाल्याने आम्हाला परत जाऊ दिलं नाही. त्याच्या घरी बसलो असताना संध्याकाळी नीलेशचा फोन आला. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप. वामनराव उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि मी पदरात तोंड घालून मनसोक्त रडून घेतलं.

सकाळी निर्मलाताईंनी कळवलं की नाल्याचं चित्र चालू झालंय, पाणी उतरलंय.

"चित्र हालून राहिलं का?" वामनरावांनी विचारलं.

"अहो, ट्रक जाऊन राहिले!"

तरी त्यांनी तिकडून आलेल्या एका दूधवाल्याला विचारलं, मगच गाडी काढली.

पवनीच्या दवाखान्यात माझी नात मुठी आवळून झोपली होती. सुमनबाई मात्र पहाटेच निघून गेल्या होत्या. गौरी सांगत होती, "त्यांनी माझा हात एकदाही सोडला नाही, आई. धरणात त्यांचं गाव गेलं, त्याच साली त्यांची धाकटी झाली. नव्या वस्तीत, पत्र्याच्या खोलीत. ते सगळं असं रंगवून सांगितलं की कळा येत असताना मी हसत होते."

सुट्टी मिळाल्यावर भंडाऱ्याला परतताना आम्ही त्या वस्तीवर थांबलो. वामनरावांनी स्वतःच्या मागावरची कोशाची साडी पुढे केली. सुमनबाईंनी ती उलगडून पाहिली, पदरावरून बोट फिरवलं आणि खळखळून हसल्या. "कोसा नेसून मासे इकू का मी? ठेवते, धाकटीच्या लग्नाले." मग साडी बाजूला ठेवली, हात लुगड्याला पुसले आणि माझ्या मांडीवरून पोरगी उचलून घेतली.

आता मी साताऱ्याला परत आले आहे. ते चार चौकोन माझ्याही फोनवर आहेत, आणि नात भंडाऱ्याहून कोंढ्याला निघाली की मी ते उघडून बसते. कॅमेऱ्यावर माझा राग नाही. त्याने मला भर चौकात हसवलंही होतं. पण त्याला प्रश्न विचारता येत नाही, आणि मला तर विचारल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून पाहून झालं की मी सुमनबाईंना फोन लावते. काल विचारलं, नाल्याला पाणी कितपत आहे?

"सांगते नं," त्या म्हणाल्या. "पयले पोरगी पालथी पडाले लागली का थे सांगा."