उपड्या टोपलीखालचा डाव

देशात व्हिडिओ गेम बनवण्याचा उद्योग जोरात वाढतो आहे, ही बातमी आमच्या डोणगावात पोचली तेव्हा मला त्या उद्योगात बरीच वर्षं झाली होती. बाबांच्या अडत दुकानात रोज पेपर येतो. त्यांनी बातमी मोठ्यानं वाचली आणि शेवटी, "आमची पोरगी पुण्याले हेच करते," असं आपल्या पदरचं जोडून दिलं. त्यावर सोयाबीन घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी विचारलं, "खेळ बनवते हे समजलं. पण काम काय करते?" बाबांनी त्यांचं पोतं काट्यावर घ्यायला सांगितलं. मलाही ते धड सांगता आलं नसतं.

आपल्याकडचे जुने खेळ आता मोबाइलवर येणार, असंही त्या बातमीत होतं. ते खरं होतं. आमच्या कंपनीनं अष्टाचंग, म्हणजे दान टाकून सोंगट्या मधल्या घरात न्यायचा खेळ, करायला घेतला होता आणि तो मला येतो म्हणून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. नियम शोधायला मला कुठं जावं लागलं नाही. माझं सगळं लहानपण त्या खेळाच्या कटकटीत गेलं आहे.

खेळायच्या दोघीच. एक माझी आई आणि दुसरी समोरच्या घरातली चाची. चाचीच्या घरी बांगड्यांचं दुकान होतं. दुपारची भांडी आवरली की ती आमच्या ओसरीत येऊन बसायची. तिथं एक सुटी फरशी होती, तिच्यावर खिळ्यानं पट कोरलेला. चाचीच्या सोंगट्या म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे, आईच्या म्हणजे तुरीच्या काड्या. दान टाकायला फोडलेले चिंचोके. एरवी दोघी शहाण्या बाया, पण पटावर बसल्या की एकमेकींवर रडी खेळल्याचा आरोप करत आणि तोंड फिरवून बसत. थोड्या वेळानं कुणीतरी चहा मांडायची आणि खेळ पुढे चालू.

एक गोष्ट मात्र दोघी कसोशीनं पाळत. अर्धा डाव मोडायचा नाही. पाहुणे येवोत, अजान होवो, दूध उतू जावो, सोंगट्या असतील तशा ठेवायच्या, त्यांवर टोपली उपडी घालायची आणि टोपलीवर दगड ठेवायचा. नंतर तोच डाव तिथून पुढे सुरू. झाडताना त्या टोपलीला केरसुणी लागली म्हणून मी मार खाल्लेला आहे.

पुढे चाचीच्या मुलानं खामगावला दुकान टाकलं आणि चाची तिकडे निघाली. मी तेव्हा सुट्टीवर घरी आले होते. दारात सामानाचा टेम्पो उभा आणि या दोघी ओसरीत पटावर. प्रत्येकीची एकच सोंगटी उरलेली. चाचीचा काचेचा तुकडा आईच्या काडीच्या दोन घरं पुढे होता. दान आईचं. दोन पडले असते तर चाचीची सोंगटी मरून पुन्हा पहिल्या घरी गेली असती आणि डाव आईचाच होता. आईनं चिंचोके मुठीत बराच वेळ खुळखुळवले. मग ते फरशीवर तसेच ठेवून दिले. "राहू दे भाभी. मंग पाहू." टोपली चाचीनं स्वतःच्या हातानं घातली. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, त्यामुळे वेळ संपला एवढंच मला वाटलं.

चाची त्यानंतर आली नाही. गुडघे धरले, नातवंडं झाली, मेहकरला बस बदलायची म्हणजे संकट. टोपली तिथंच राहिली. आई दिवाळीला तिच्याभोवती रांगोळी काढायची. बाबा वर्षातून एखादेवेळी कुरकुरत, पण दगडाला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

आमच्या ऑफिसात एका टेबलावरच्या माणसांना एवढंच काम असतं: आज खेळून गेलेला माणूस उद्या परत कसा येईल ते पाहायचं. त्यासाठी ते त्याला खोटी नाणी वाटतात, मोबाइल वाजवतात, आला नाहीस तर नुकसान होईल असा दम भरतात. वाट पाहणं कुणालाच आवडत नाही, म्हणून अष्टाचंगात प्रत्येक दानाला अर्धं मिनिट ठेवलं होतं. तेवढ्यात खेळला नाहीत तर तुमच्या वतीनं मशीन खेळणार. ते मीच लिहिलं होतं.

चाचणीच्या वेळी पटावर हवी ती मांडणी भरता येते. ते पाहून माझ्या डोक्यात कल्पना आली. पुढच्या खेपेला घरी आले तेव्हा मी चाचीला फोन केला आणि टोपलीखाली काय आहे ते विचारलं. तिनं खामगावात बसून घरं सांगितली. आई शेजारीच होती. ती "बराबर हाये" एवढंच म्हणाली आणि मग विचारलं, "मोबाइलात तिचं तोंड दिसते का?"

"तोंड नाही. सोंगटी दिसते."

आईला त्यात काही राम वाटला नाही, पण लेकीचं मन मोडू नये म्हणून ती तयार झाली.

दिवाळीच्या सुट्टीत एका दुपारी आई मोबाइल घेऊन टोपलीशेजारी बसली. तिकडे चाची नातीचा मोबाइल घेऊन. पडद्यावर आईची पाळी आली. आईनं पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि नुसती बघत राहिली. अर्धं मिनिट संपलं. मशीननं दान टाकलं. दोन पडले. काडी दोन घरं पुढे सरकली आणि बांगडीचा तुकडा खळकन उडाला. तो आवाज मी हौसेनं निवडला होता. मग चाचीची पाळी. खामगावातही कुणी बोट लावलं नाही. तिच्या वतीनंही मशीनच खेळलं. पुढे दोन्हीकडून मशीनच खेळत राहिलं आणि दोन बाया आपापल्या घरी बसून ते पाहत राहिल्या. शेवटी आईची काडी मधल्या घरात पोचली आणि नाण्यांचा पाऊस पडला.

आईनं मोबाइल पालथा ठेवला. "भाभीची सोंगटी म्या मारली नाई."

"पण जिंकलीस ना तू!"

"तुले कोणं सांगतलं होतं जिंकाले?" आई मला असं कधी बोलत नाही. "त्या दिवशी म्या दान टाकलंच नाई. डाव सरला असता तं तिले इकडे याले काय राह्यलं असतं वं? आता सरला. आता काऊन येईन ती?"

मला फार वाईट वाटलं. लहानपणी टोपलीला केरसुणी लागली तेव्हाही इतकं वाटलं नव्हतं.

आईनं चाचीला फोन करायचं टाळलं. चाचीनंही बरेच दिवस केला नाही. मी ऑफिसात ते अर्धं मिनिट काढून टाकायचं सुचवून पाहिलं. कुणी ऐकलं नाही, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही ऐकलं नसतं. मग एका सकाळी आईला चाचीचा फोन आला, ते आईनंच मला सांगितलं. तिनं आधी एकच विचारलं.

"ताई, टोपली हालवली तं नाई ना?"

"नाई."

"मंग कायले रुसली? मोबाइलचा डाव मोबाइलनं खेळला. अपना तो रखा है ना?"

थंडी पडल्यावर चाची आली. गुडघ्यांसकट, मेहकरला बस बदलून. मी कामाचं काहीतरी निमित्त काढून हजर होते. दोघी दिवसभर ओसरीत बसल्या. बेसन-भाकर खाल्ली, पूर्वी रडी कोण खेळायची यावरून भांडल्या, चहाच्या कपबश्या टोपलीच्या बुडावरच दगडाशेजारी ठेवल्या. आता टोपली उचलतील, मग उचलतील, म्हणून मी वाट पाहत होते. परतीच्या बसची वेळ झाली. चाची गुडघ्यावर हात देऊन उठली, कपबश्या उचलल्या आणि बाजूला सरकलेला दगड पुन्हा टोपलीच्या मधोमध ठेवला.

"ताई, बारी तुही हाये. ध्यान ठेव."

"हाये ध्यानात," आई म्हणाली.