जड वाटतं, एवढंच ती म्हणाली

काष्ठौषधींच्या त्या दुकानदाराला गल्लीत कुणी नावानं हाक मारत नसे. सगळे बरणीशेठ म्हणायचे. दुकानात दीडशे बरण्या आणि एकीवरही चिठ्ठी नाही. झाकण उघडून नाकाजवळ नेलं की काम झालं. एकदा पोस्टमन म्हणाला, "शेठ, सासूबाईंचं तोंड बंद होईल अशी एखादी मुळी द्या."

"मुळी नाही रे त्याला. आपले कान बंद करायचे असतात. कापूस लागतो, तो समोरच्या दुकानात मिळेल."

पोस्टमन हसला, आणि जाताना पावशेर सुंठ मात्र घेऊन गेला. शेठकडून रिकाम्या हातानं परतलेलं माणूस कुणी पाहिलं नव्हतं.

दुकानामागच्या दोन खोल्यांत संसार. बायको इतकी बोलकी, की गल्लीनं तिला रेडिओ म्हणायला सुरुवात केली होती. घड्याळवाल्याची कुठली दाढ दुखते, दूधवाल्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, सगळं तिच्याकडे ताजं. एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तिथे शाळेत शिकवू लागली, तरी रेडिओ चालूच होता. निदान सगळ्यांना तसंच वाटत होतं.

मग एका सकाळी बायको अंथरुणातून उठलीच नाही. ताप नाही, खोकला नाही. शेठ उशाशी बसले.

"काय होतंय गं?"

"जड वाटतं."

घोटाळा झाला तो इथे. रोज दहा गिऱ्हाइकं हेच म्हणत दुकानात यायची, जड वाटतंय. शेठच्या कानाला त्याचा अर्थ एकच ठाऊक होता, पोट. हात आपोआप हिरड्याच्या बरणीकडे जायचा, तसाच आताही गेला. रात्री हिरडा, जेवणावर ओवा, सकाळी सुंठीचं गरम पाणी.

"पोट साफ झालं का?"

"झालं."

"मग आता कसं वाटतंय?"

"जड."

शेठनं मात्रा वाढवली. दोन महिने त्या बिचारीनं नाहक जुलाब सोसले, पण हूं की चूं केलं नाही. केस विंचरणं सुटलं, दिवसभर भिंतीकडे बघत पडून राहायची. दोन घास खाल्ले की ताट बाजूला सरकवायची. घड्याळवाल्याची दाढ काढून झाली, तरी तिला पत्ता नाही.

लेक भेटायला आली, आईकडे पाहिलं आणि बापावर उखडली. "बाबा, पोटाचं काय घेऊन बसलात? तिच्या मनाला बरं नाहीये. डॉक्टरांना दाखवा."

शेठ ओशाळले, पण घटकाभरच. "मनाचं म्हणतेस? मग डॉक्टर कशाला? घरातच खाण आहे की!" टाळूवर ब्राह्मीचं तेल, दुधातून अश्वगंधा, निजताना जटामांसीचा काढा. चौथ्या दिवशी ती सकाळपर्यंत सलग झोपली. शेठनं दात घासायच्या आधी ही बातमी गल्लीभर केली. न्हावी म्हणाला, "म्हणजे रेडिओ लागणार म्हणायचा!"

पण सुधारली ती झोपच तेवढी. जाग आली की समोर तीच भिंत, आणि तिचं भिंतीकडे बघणंही तेच.

एका दुपारी काढ्याचा पेला तिनं नुसता हातात धरून ठेवला. "अहो, मी तुम्हाला जड झालेय का?"

शेठनं हातातलं गाळणं खाली ठेवलं. हा शब्द असाही असतो, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अगं, काय हे बोलतेस!"

"नाही, रोज किती कुटता, किती उकळता. मला आपलं वाटतं, उद्याची सकाळ मला नसली, तर तुम्हीही सुटाल."

शेठनं पेला तिच्या हातून काढून घेतला आणि मोरीत ओतला. ऐन बाजारच्या दिवशी दुकानाची फळी लावली, लेकीला फोन केला, आणि संध्याकाळच्या आत तिघं मनाच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसली होती.

बाईंनी आधी शेठचीच उलटतपासणी घेतली. काय काय दिलं, किती दिलं, सगळं लिहून घेतलं. "तुमच्या मुळ्यांना मी नावं ठेवत नाही. पण त्यातल्या काही माझ्या गोळ्यांशी भांडतात. मला विचारल्याशिवाय आता पोटात काही द्यायचं नाही. डोक्याला तेल चोळा हवं तर."

मग विचारलं, "हे असं कधीपासून?"

"तीन महिने झाले," शेठ म्हणाले.

"नऊ वर्षं," ती म्हणाली.

लेक आईकडे बघतच राहिली. नऊ वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं होतं.

"घर गप्प झालं होतं," आई बाईंना सांगू लागली, "म्हणून मीच बोलत राहायचे. नाहीतर यांना करमलं नसतं. मग एक दिवस बोलायला बळच उरलं नाही."

गोळ्या लागू पडल्या, पण मुंगीच्या पावलानं. दर पंधरवड्याला बाईंकडे बसून बोलणं व्हायचं. वर्षभरानं ती दारात येऊन बसू लागली. कुणी विचारलं तर बोलायची, आपणहून फारसं नाही. पुढे सहा वर्षं जगली आणि साध्या तापानं गेली. शेठनं तिच्या डोक्याला तेल शेवटपर्यंत स्वतः चोळलं. चोळताना कितीदा ओठांवर यायचं, की त्या नऊ वर्षांत तू माझ्यासोबत इतकी हसलीस, त्यातलं खरं किती होतं गं? बोटं तेवढी फिरत राहायची. विचारायचं धाडस त्यांना झालं नाही.