बैल कोण ओढणार? घनसावंगीकडची एक फेरी

परवा काय जेवलात ते आठवतंय? न्हाई ना. मंग शेवटचं गिधाड कधी पाह्यलं, हे तुम्हाला कुठून आठवणार! माझी नात सुजाता त्याच गिधाडांना वाचवायला निघालीय. एका संस्थेनं तिला शिकवलं, वर्षाचा खर्चा दिला. पुढच्या वर्षीचा द्यायचा की न्हाई, ते संस्थेतले तिचे सर घनसावंगीकडं येऊन ठरवणार होते. म्हणून मीबी निघाले. मला अक्षर येत न्हाई. मी बोलते, नातू लिहितो. चुका त्याच्या.

जालन्याहून अंबडमार्गे एसटी धरा. खिडकी मागू नका, धूळ फुकट मिळते. पुढं जीप. ती भरल्याशिवाय हलत न्हाई, आणि भरली का, हे जीपवाला ठरवतो. स्टँडवरची भजी कालची असतात, चहा मात्र बराबर असतो.

सर अंगभर खिशांचं जाकीट घालून आल्ते. मेलेलं जनावर उघड्या माळावर टाकायचं, गिधाडं येऊन जेवतील, ही त्यांची योजना. दुखणं थांबवायचं इंजेक्शन टोचलेलं जनावर मात्र बिलकुल नको, ते खाऊन गिधाडं मरतात. गावातल्या बापूरावांचा म्हातारा बैल सकाळीच मेल्ता, बिनइंजेक्शनचा. सर खूश. दुसऱ्याचा बैल मेला म्हणून हसणारं माणूस मी पहिल्यांदाच पाह्यलं.

पण माळावर ओढणार कोण? सगळं गाव सुजाताकडं बघू लागलं. गावोगावची मेलेली ढोरं पिढ्यान्‌पिढ्या आमचे लोक ओढायचे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो आणि माझ्या वडलांनी दोर टाकला. आमच्या गावानं पाणी बंद केलं, तरी उचलला न्हाई.

सरांच्या शिक्षणात हा धडा नसावा. म्हणाले, "सुजाता, सुरुवात तूच कर. लोकांना उदाहरण पाहिजे."

पोरगी वाकली. दोर उचलला. एवढ्या शिक्षणाचं हेच व्हायचं होतं का?

ती तशीच बापूरावांकडं गेली अन् दोर त्यांच्या हातात दिला. "काका, पोळ्याला तुम्हीच सजवला ना याला? मंग ओढायचाबी तुम्हीच. जागा मी दाखवते."

बापूराव दोर घेऊन घराकडं गेले. मंग ट्रॅक्टर घेऊन आले. सरांनी ट्रॅक्टरचाच फोटो काढला.

दिवस मावळेपर्यंत बसलो. कुत्री आली, कावळे आले. गिधाड न्हाई.

घरी आल्यावर कळलं, पुढचा खर्चा बंद. सुजाताला म्हणे लोकांशी जुळवून घेता येत न्हाई. ती मात्र तिथंच खोली घेऊन राह्यलीय. परवा बापूराव आपणहून विचारायला आल्ते, शेजाऱ्याची म्हैस मेलीय, इंजेक्शन दिल्तं, पुरायची का? एवढं तरी एका बैलानं शिकवलं.

तिकडं जाणार असाल तर पोरीसाठी ज्वारीची धपाटी न्या. लसणाची चटणी वेगळी बांधा. दही नको, जीपमध्ये सांडतं. आणि सरांना देऊ नका.