विरळणी

कुठलीही वस्तू हातात आली की काका ती आधी डोळ्यांसमोर धरत, अंगठा आणि तर्जनीत हळूहळू फिरवत आणि म्हणत, "चालणार नाही." मग तो कारखान्यातला लोखंडी सुटा भाग असो, चहासोबतचं बिस्किट असो की बायकोने बाजारातून आणलेलं वांगं. तुमच्याही ओळखीत असं कोणी असेल. अशा माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्याला घरी जेवायला बोलवायला कोणी धजत नाही.

सुप्याच्या एका कारखान्यात आम्ही बरोबर होतो. मी स्टोअरला, ते तपासणी विभागाचे प्रमुख. राहायलाही शेजारी, रस्त्याकडेला भाड्याने दिलेल्या खोल्यांच्या ओळीत. बाकी सगळे त्यांना साहेब म्हणत. मी शेजारी म्हणून काका म्हणायचो.

कारखान्यात काम कमी झालं तेव्हा मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, तुमच्याकडची कोणती तीन माणसं कमी करायची? काकांनी तीन नावं सांगितली. कामात जी कच्ची होती, त्यांचीच सांगितली. पुढे दसऱ्याच्या सुमाराला तो अख्खा विभागच बंद झाला आणि काकांचाही गेटपास काढून घेतला.

रिकामा माणूस घरात बसून काय तपासणार? काकूंच्या फोडणीपासून सुरुवात झाली. शेवटी काकूंनीच वैतागून त्यांना खोल्यांमागची मोकळी पट्टी दाखवली आणि गाजराच्या बियांचं पाकीट हातात ठेवलं. काकू पारनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याच्या घरच्या. काका नगर शहरात वाढलेले. त्यांनी कुदळ कधी धरली नव्हती.

पहिलं बी त्यांनी बोटभर खोल पुरलं आणि रोज सकाळी उकरून पाहिलं. ते उगवलं नाही. मग काकूंच्या सांगण्यावरून बी वाळूत मिसळून वरवर पेरलं, त्यावर ओलं गोणपाट झाकलं. या वेळी वाफा केसांसारखा दाट उगवला. काका इतके हरखले, की मी ड्युटीवर निघालो होतो तर हाताला धरून मागे घेऊन गेले.

"आता विरळणी करा," काकू म्हणाल्या. "चार बोटांवर एक ठिवायचं, मधलं उपटायचं. न्हाईतर एकबी पोसणार न्हाई."

काका वाफ्याशी उकिडवे बसले. मग आमच्यापैकी कोणाकडेच न बघता म्हणाले, "कोणाला काढायचं, ते मी पुन्हा नाही सांगणार."

त्यांनी एकही रोप काढलं नाही. थंडी सरता सरता वाफा उपटला तेव्हा गाजरं उंदराच्या शेपटीएवढी होती, एकमेकांना पीळ घातलेली. काकांनी एक उचललं, फिरवलं आणि खाली ठेवलं. काकूंनी त्यांचं लोणचं घातलं. काकांनी ते कधी पानात घेतलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बी त्यांनीच पेरलं. पण ते कुठल्याशा मुलाखतीला गेले असताना विरळणी काकूंनी उरकून टाकली. परत आल्यावर कडेला सुकत पडलेली रोपं त्यांना दिसली. दोन दिवस ते काकूंशी बोलले नाहीत. वाफ्यात राहिलेली गाजरं मात्र चांगली जाडजूड झाली, लाल आणि सरळ. काकांनी वाफ्याचा एक कोपरा काढला, गाजरं धुतली, निवडून पिशवीत भरली आणि मला म्हणाले, "चल माझ्याबरोबर. एकट्याला जमायचं नाही."

ज्या तिघांची नावं त्यांनी सांगितली होती, त्यांतला एकजण पलीकडच्या गल्लीत राहायचा. कधी टेम्पोवर जायचा, कधी घरीच असायचा. दारात त्याची बायको होती. तिने पिशवी घेतली, आत पाहून हसली, चहा ठेवते म्हणाली. तेवढ्यात तो बाहेर आला. बायकोच्या हातातून पिशवी घेऊन त्याने ती काकांच्या हातात परत दिली.

"साहेब, तवा पोरगी माझी बारावीला हुती," तो शांतपणे म्हणाला. "शिक्षान सुटलं तिचं. पॅकिंगला जाती आता. गाजरं न्या तुमची."

"मी खोटं नव्हतं सांगितलं," काका म्हणाले.

"म्हाईत हाय. म्हणून तर कुनापाशी बोलताबी येत न्हाई."

तो आत गेला. त्याची बायको आमच्याकडे बघत राहिली, मग तिनेही दार लोटलं.

परतताना कोपऱ्यावरच्या गाईपुढे काकांनी पिशवी रिकामी केली. गाय खात होती तोवर तिथेच उभे राहिले. त्यानंतर ते वाफ्याकडे फिरकले नाहीत, आणि उरलेली गाजरं काकूंनाही काढू दिली नाहीत. पोसलेलं जमिनीत ठेवू नये म्हणून काकू त्यांच्या विनवण्या करत होत्या. त्यांनी ऐकलं नाही.

संगमनेरला त्यांची मुलगी आहे. थोड्याच दिवसांत दोघं तिकडे निघून गेले. सामान चढवताना मी म्हटलं, फोन करत जा. हो म्हणाले. केला नाही. मी केला तर काकू उचलतात. ते झोपलेत म्हणतात, सकाळीही आणि दुपारीही.

त्यांच्या खोलीत आता नवा भाडेकरू आलाय. उन्हाळा लागला तेव्हा त्याने मला मागे नेऊन विचारलं, हे कसलं तण माजलंय? कमरेएवढे दांडे, त्यांवर छत्र्यांसारखी पांढरी फुलं, भोवती मधमाश्या. मी सांगितलं, गाजरं आहेत. त्याला खरं वाटेना. त्याने एक ओढलं, दोन्ही हातांनी जोर लावावा लागला. सुरीने कापायला गेला तर पातं आत जाईना. आतून लाकूड झालं होतं. त्याने ते कुंपणापलीकडे भिरकावलं, हात पँटला पुसले आणि मोटारसायकल लावायला जागा हवी म्हणून बाकीची उपटायला घेतली.