मागे लूम्स ऐकू येतात

“रुपाली, तुमच्या स्टुडिओत कुठलं मशीन चालू असतं?” मृणालताईंनी फोनवर विचारलं.

मी म्हटलं, कुठलंच नाही. रेकॉर्डिंगच्या वेळी मी एसीसुद्धा बंद करते, मग घामाने ओढणी ओली झाली तरी चालेल.

“मग ही धडधड कसली? सर श्वास घ्यायला थांबतात ना, तिथे ऐका. पहिल्या प्रकरणापासून आहे.”

मृणालताई पुण्याच्या. अंध वाचकांसाठी बोलकी पुस्तकं तयार करणारी एक छोटी संस्था चालवतात. स्वतः जन्मापासून पाहू शकत नाहीत आणि त्यांच्या कानातून काही सुटत नाही. मी सुरतेत साउंड एडिटर आहे. आमचं रोजचं काम म्हणजे साड्यांच्या जाहिराती, गरब्याची गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ. त्यात हे पुस्तक आलं तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. विश्व कसं जन्मलं, तारे कशामुळे तेवतात, त्यांचा उजेड आपल्यापर्यंत यायला इतका वेळ का लागतो, हे साध्या मराठीत सांगणारं पुस्तक. गोष्टी आणि कादंबऱ्या अंध मुलांना ऐकायला मिळतात, असं मृणालताई सांगायच्या. पण फिजिक्स म्हटलं की घरचे आणि शाळावाले एकसुरात म्हणतात, तुला दिसत नाही, तू आपलं आर्ट्स घे. त्यांनाही तेच सांगितलं होतं आणि त्याचा राग अजून त्यांच्या नाकावर आहे.

वाचणारे होते भामरे सर. इथल्याच डिंडोली भागातल्या मराठी शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. मलाही त्यांनीच शिकवलं. हेच पुस्तक ते ऑफ पिरियडला वर्गात वाचून दाखवायचे आणि मागच्या बाकावरची टारगट मुलंही गप्प बसायची. वाचक कोण घ्यायचा हे मृणालताईंनी विचारलं, तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही.

फोन ठेवला आणि हेडफोन लावले. धडधड ऐकू आली नाही. पुन्हा ऐकलं, नाही. मग स्क्रीनवर बघितलं. आवाजाचा आलेख असतो, माणूस बोलला की डोंगर उठतात आणि थांबला की रेघ सपाट होते. सरांची रेघ सपाट होतच नव्हती. तिच्यावर बारीक, एकसारखे दात होते. आधी डोळ्यांना दिसलं आणि मग कुठे कानांना कळलं. त्या लूम्स होत्या, कापड विणणारे यंत्रमाग.

आमच्या स्टुडिओच्या मागच्या भिंतीला लागून लूम्सचं खातं आहे. सुरतेत कापडाच्या कारखान्याला खातं म्हणतात. आम्ही भिंतींना फोम लावला होता, पण फोम खोलीतला घुमणारा आवाज मारतो. जमिनीतून येणारा हादरा माइकच्या स्टँडमधून सरळ वर चढतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मला लूम्स ऐकूच आल्या नव्हत्या. माझे वडील नंदुरबारकडून आले ते लूम्सवरच लागले, आमची खोली खात्याच्या बाजूला. आई अजून सांगते, मी तान्ही असताना लाइट जाऊन लूम्स थांबल्या की दचकून रडायला लागायचे. आमच्या कानांना तो आवाज म्हणजेच शांतता. सरांचंही तसंच. आमचे मालक हिरेनभाई कतारगामचे, त्यांचं बालपण घंटीशेजारी, म्हणजे हिरे घासायच्या चाकाशेजारी गेलेलं. एवढी माणसं त्या खोलीत येऊन गेली आणि एकालाही काही ऐकू आलं नाही. ते ऐकायला पुणं लागलं.

सरळ उपाय एकच होता, खात्याच्या सुट्टीच्या दिवशी पुन्हा रेकॉर्ड करायचं. मी सरांच्या घरी गेले. सर लगेच तयार झाले, उलट खूश झाले, पुस्तक पुन्हा वाचायला मिळणार म्हणून. मी चहाचे कप ठेवायला आत गेले, तेव्हा काकूंनी ओट्याशी मला थांबवलं.

“त्यास्नी तुले सांगं नही,” काकू म्हणाल्या. “गळामा गाठ शे. येत्या हप्तामा ऑपरेशन शे.”

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गाठ निघेल, जिवाला धोका नाही, पण आवाज परत येईलच असं नाही. मला आठवलं, शेवटची प्रकरणं वाचताना सर सारखं पाणी पीत होते आणि मी त्यांना दर वेळी म्हणत होते, सर, घोट कमी घ्या, माइकमध्ये आवाज येतो. मी सिंकसमोर उभी राहून कप धूत राहिले. ते कधीच धुऊन झाले होते.

खात्याची सुट्टी आठवड्यातून एकच, आणि तशा गळ्याने अख्खं पुस्तक पुन्हा वाचायला लावणं शक्यच नव्हतं. म्हणजे जे रेकॉर्ड झालं होतं, तेवढंच सरांच्या आवाजाचं शिल्लक राहणार होतं. ते वाचवायचं होतं किंवा टाकून द्यायचं होतं.

हिरेनभाईंना सांगितलं. माणूस मनाचा चांगला, पण डोकं धंद्याचं.

“रुपालीबेन, हवे एआय छे ने,” ते म्हणाले. “काकाना अवाजमां ज बनावी आपशे.”

त्यांचं खोटं नव्हतं. सरांच्या आवाजाचा नमुना दिला आणि मजकूर टाकला की कॉम्प्युटर त्यांच्याच आवाजात वाचतो. मी एक पान करून पाहिलं. लूम्स नाहीत, खोकला नाही, पाण्याचा घोट नाही. मला ते इतकं स्वच्छ वाटलं की मी ते मोबाइलवर घेऊन काकूंना ऐकवलं. काकूंनी शेवटपर्यंत ऐकलं.

“आवाज त्यास्नाच शे,” त्या म्हणाल्या. “पण ह्या दम कव्हय लेतस?”

श्वास कधी घेतात, एवढंच त्यांनी विचारलं. मी ती फाइल तिथेच डिलीट केली.

उरला जुना रस्ता. सॉफ्टवेअरला आधी नुसता नको असलेला आवाज ऐकवावा लागतो, म्हणजे ते शिकतं की काय काढायचं आहे. त्यासाठी रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला रिकाम्या खोलीचा आवाज घेऊन ठेवतात, त्याला रूम टोन म्हणतात. मी तो घेतला नव्हता. खोली शांत आहे असं वाटत असताना शांततेचा नमुना कोण घेतो? मग मी खात्याच्या मास्टरकडे गेले. लूम्सची देखरेख करणारा तो मास्टर. इथले मास्टर धुळ्याकडचे, जिभेने तिखट. सकाळी सरांच्या रेकॉर्डिंगच्या वेळी ज्या लूम्स चालायच्या त्याच आजही चालू ठेवा, मला त्यांचा आवाज हवाय, असं सांगितल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. ते म्हणाले, इथे लोक आवाज बंद करा म्हणून भांडायला येतात, मागायला आलेली तूच पहिली. पण लूम्स चालू ठेवल्या.

माइक तिथेच, स्टँड तोच, खुर्ची रिकामी. मी बाजूला बसून नुसत्या लूम्स रेकॉर्ड केल्या. सरांची खुर्ची रिकामी बघवत नव्हती, म्हणून आलेखाकडे बघत बसले.

उपाय लागू पडला. थोडं थोडं करत गेलं की धडधड उतरते. घाई केली तर आवाजाबरोबर माणसाचे स आणि श पण खरवडले जातात आणि माणूस पत्र्याच्या डब्यातून बोलतोय असं वाटतं. मी घाई केली नाही. एकेक प्रकरण पुण्याला जाऊ लागलं आणि मृणालताईंचं “चालेल” येऊ लागलं. त्यांच्या तोंडून चालेल म्हणजे आमच्याकडचं फर्स्ट क्लास.

एक प्रकरण मात्र हटून बसलं. त्यात गोष्ट अशी आहे. दोन शास्त्रज्ञ एक मोठा अँटेना घेऊन आकाश ऐकत होते आणि मागे एक बारीक खरखर येत होती. अँटेना कुठेही फिरवा, खरखर तीच. त्यांनी यंत्र तपासलं, आत राहणारी कबुतरं हाकलली, त्यांची घाण पुसली. खरखर गेली नाही. शेवटी कळलं की तो बिघाड नव्हताच. विश्व अगदी कोवळं असताना जो उजेड सुटला, तोच थंड होत होत अजून सगळीकडून येतो आहे. जुन्या टीव्हीवर स्टेशन लागलं नाही की मुंग्या दिसायच्या, त्यातल्या थोड्या मुंग्या त्या उजेडाच्या होत्या.

हे वाचताना सर आवाज खाली आणतात. वर्गातही आणायचे. आणि सर हळू झाले की लूम्स मोठ्या होतात. सरांना वर उचललं तर लूम्सही वर येतात. लूम्स काढल्या तर सर जातात. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी ते प्रकरण घेऊन त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, सर, एवढं एक जमत नाहीये.

सरांनी हेडफोन लावले. बराच वेळ ऐकलं. मग हसायला लागले आणि हसता हसता खोकला आला.

“अगं, तू कबुतरं हाकलतेयस,” ते म्हणाले. “राहू दे.”

मी म्हटलं, पुणं पास करणार नाही. सर म्हणाले, मग माइक लाव. मी घरून छोटा रेकॉर्डर आणला होता, तो त्यांच्या पलंगाच्या कडेला ठेवला. ते एक घोट पाणी प्यायले, या वेळी मी त्यांना टोकलं नाही. घोगऱ्या आवाजात, पण एका दमात, त्यांनी सांगितलं, “मुलांनो, या प्रकरणात माझ्या मागे लूम्स ऐकू येतात. त्या आमच्या गावाच्या आहेत. आम्हाला त्या कधी ऐकू आल्या नाहीत, कारण आम्ही त्यांच्यातच जन्मलो. तुम्हाला येतील. नीट ऐका.”

मृणालताईंना मी ते पाठवलं आणि वाट बघत बसले. त्यांचा फोन आला. म्हणाल्या, “हे असंच जाऊ दे.” चालेल म्हणाल्या नाहीत.

पुस्तक आता संस्थेच्या यादीत आहे. मध्यंतरी एका शाळकरी मुलीचा व्हॉइस मेसेज मृणालताईंनी मला पुढे पाठवला. तिला विचारायचं होतं की विज्ञान घ्यायचं तर आठवीपासून काय तयारी करावी लागते, आणि लूम म्हणजे काय, ती हात लावून बघता येते का. मास्टरांना विचारलंय. ते म्हणाले, आण तिला, बंद करून दाखवतो.

सरांची तब्येत चांगली आहे. गाठ साधी निघाली. आवाज परत आला नाही, नुसती कुजबुज राहिली. मी दर आठवड्याला जाते. ते काही सांगायला लागले की मला खुर्ची पुढे ओढावी लागते, आणि तरीही मधले शब्द हरवतात, कारण शेजारच्या खात्यातल्या लूम्स जोरात चालू असतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या मला हेडफोनशिवाय ऐकू येतात. मी उठून खिडकी लावते आणि सर पहिल्यापासून सांगायला घेतात.

आमच्या धंद्यापुरता धडा एवढाच, की माणूस खुर्चीत बसायच्या आधी रिकामी खोली रेकॉर्ड करून घ्यावी. आणि ती बाहेरगावच्या कुणाला तरी ऐकवावी.