वारुळात भाजलेला पाव

पावसच्या खाडीपासून राजापूरपर्यंत कुणालाही विचारा, सिंह हाकेच्या अंतरावर असताना पाव भाजणारा माणूस पाहिलाय का. नाही म्हणतील. आमच्या घरात होता. आमचा धाकटा, लवू.

शाळा मराठी तिसरी. पण हाताला चव अशी, की नुसत्या कुळथाच्या पिठीवर पंगत उठवावी. जहाजावर भात ढवळता ढवळता हा मोंबासा बंदरात उतरला, तिथून आगगाडीने नैरोबीला गेला आणि गोऱ्या पाहुण्यांना जंगल दाखवणाऱ्या एका कंपनीत मुख्य स्वैपाकी झाला. मुख्य! हाताखाली चार माणसं. आमच्या वाडीत हाताखाली चार माणसं असलेला एक खोतच, आणि त्यालाही ती वेळेवर सापडायची नाहीत.

तिथल्या बोलीत प्रवासाला सफारी म्हणतात. विलायतेहून साहेब-मडमा यायच्या. पुढे बंदूकवाला गोरा वाटाड्या, मागे दोन लॉऱ्या. त्यांत तंबू, खुर्च्या, आंघोळीचं टीप. आणि सगळ्यांत मागे पिठाच्या पोत्यावर बसलेला आमचा लवू. महिना महिना चालायचं. आज गवताचं रान, उद्या गुलाबी पक्ष्यांनी भरलेलं तळं, परवा मसाई लोकांचं गाव. लवू सुट्टीवर आला की ओट्यावर माणसं दाटायची.

"आपला घाटीवरचा सडा दिवाळीनंतर गवतानं कसा पिवळा पडतो? तसा, पण टोक नाय त्येला. आनि त्यात जिराफ. ह्या मानेचा! आपल्या माडावरचं शहाळं उभ्यानं काढील."

"मग पाडेल्याला काम काय रे?" एखादा विचारायचा.

"जिराफाचं शेपूट धरून बसायचं."

अशी सगळी मजा. लवू फुशारकी मारायचा, मान्य आहे. पण त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो.

चोवीस साली तो परत निघाला तेव्हा चुलतभाऊ महिपतला बरोबर घेऊन गेला. महिपत त्याच्याहून वर्षाने मोठा, खाडीत होडी चालवायचा. गरीब माणूस, हसरा. लग्नाला तीन वर्षं झालेली. बायको हौसा, जिभेची तिखट. लवू तिला सांगायला दारात गेला.

"दोन सालं, वैनी. येताना दोन ट्रंका भरून आणतो की नाय बघा."

"ट्रंका नको मला. ह्यांना नेताय तसे आना."

"माझ्या जबाबदारीवर नेतोय. शब्द हाय लवूचा."

"तुमचा शब्द खाडीच्या पाण्यासारका, भावोजी. सहा तास हिकडं, सहा तास तिकडं."

महिपत खो खो हसला. लवूही हसला, पण त्याला ते लागलं. देवळात जाऊन त्याने नारळ ठेवला आणि मनाशी म्हणाला, ह्या बाईला मी दाखवीन.

तिथे महिपतला भांडी, पाणी, लाकडं अशी कामं मिळाली. पहिल्याच मुक्कामावर लवूने त्याला पाव कसा भाजायचा ते दाखवलं. त्या रानात भट्टी कुठली? पण वारुळं पुरुषभर उंचीची, आपल्या जांभ्यासारखी कडक. मुंग्या सोडून गेलेलं एखादं बघायचं, खालून कोरायचं, आत जाळ करून निखारे ओढून घ्यायचे, पिठाचा डबा सरकवायचा आणि तोंड चिखलाने लिंपायचं. तासाने सोन्यासारखा पाव बाहेर.

महिपत मात्र दहा पावलं मागे सरला. "लवू, वारुळात नागोबा असतो. त्याच्या घरात जाळ करतोस?"

"हिकडचा नागोबा साहेबाच्या नोकरीत हाय. त्येला पावच लागतो."

महिपत हसला, पण रोज भट्टी लावायच्या आधी तो रानातलं एक फूल वारुळापुढे ठेवायचा. नैरोबीच्या एका गुजराती दुकानदाराच्या कारकुनाकडून त्याने हौसाला पत्र लिहवून घेतलं, त्यात हेच सगळं होतं. वारुळात पाव भाजतो. रोज फूल वाहतो. रात्री सिंह ओरडतो, पण लवू शेजारी असतो, काळजी करू नये. महिपतचं तेवढं एकच पत्र आलं.

पंचवीस सालचा चैत्र. एक साहेब आणि त्याची मडम फोटो काढायला आलेली. मुक्काम एका कोरड्या नदीकाठी पडला. नदी म्हणजे नुसती वाळू, पांढरी, मऊ, भाट्याच्या पुळणीसारखी. पाण्याचा टिपूस नाही. साहेबाचे तंबू काठावर लागले. चूल आणि नोकरांचा तंबू कुठे लावायचा ते लवूने ठरवायचं. काठावर सगळे काटे आणि मुंग्या. लवूने वाळूकडे बोट केलं.

सामान उतरवणारा मुटुआ म्हणून तिथला माणूस होता. तो म्हणाला, "इथे नको. पाणी येतं."

"कुठलं पाणी?" लवूने वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं. "समुद्र इथून दोनशे मैल. भरती कुठवर येते ते तू मला शिकवणार? मी भरतीत जन्मलोय."

आता ह्यात लवूचं काय चुकलं, सांगा. आपल्याकडे पुळणीवर पाणी येतं ते समुद्रातून येतं, तिथी बघून येतं. अष्टमीला भांग, म्हणजे भरती थोडी; पुनवेला उधाण. पोरालासुद्धा कळतं. लवूने मनात तिथी मोजली, समुद्र मोजला, आणि जागा बिनघोर आहे असं त्याला वाटलं. खाडीकाठच्या कुठल्याही माणसाला वाटलं असतं. महिपतनेही मान डोलावली. "हितं बरी झोप लागेल," म्हणाला. आणि दुपारचा भात-सुकट जेवून तो तंबूत आडवा झाला.

लवू मडमेचा चहा घेऊन काठावर चढला. कप ठेवला आणि त्याला आवाज आला. आषाढातला समुद्र गाजतो तसा. लवू क्षणभर खूश झाला म्हणे. घर आठवलं. मग त्याच्या ध्यानात आलं की इथे समुद्र नाही.

डोंगरात कुठे तरी लांब पाऊस झालेला. त्याचं पाणी तिथून निघालेलं. लवू काठाशी पोचेपर्यंत तांबड्या पाण्याची भिंत वळणावरून आली होती, झाडं घेऊन. महिपत तंबूतून बाहेर आला. काठाकडे पळायचं सोडून तो वळला आणि पिठाचा डबा उचलायला वाकला. लवू ओरडला. महिपतने वर बघितलं, हसल्यासारखं तोंड केलं, आणि एक ओंडका त्याच्या डोक्यावर बसला. हे लवूने पाहिलं. दहा हातांवरून पाहिलं. नंतर पाणीच पाणी.

दोन दिवस शोधलं. एक डेचकी मिळाली. बाकी काही नाही.

कंपनीने इंग्रजी कागद दिला, माणूस बुडून मेला म्हणून. तो ट्रंकेत घालून लवू दिवाळीच्या तोंडावर निघाला. आगबोटीवर त्याने वाक्यं जुळवली. वैनी, मी घात केला. वैनी, जागा मी दाखवली. मुंबईपर्यंत पाठ झाली. रत्नागिरी बंदरात पडावातून उतरला तर धक्क्यावर हौसा उभी. लवूचा मुंबईहून येतोय एवढाच निरोप मिळालेला, तेवढ्यावर पाच कोस चालत आलेली, हातात नवा हिरवा चुडा. लवूच्या खांद्यावरून ती मागच्या पडावाकडे बघत होती.

"हे कुठं ऱ्हायले?"

लवूची नजर त्या चुड्यावर गेली.

"तो... दुसऱ्या साहेबाबरोबर पुढं गेलाय. युगांडाकडं. पत्र येईल."

"बघा, सांगितलेलं मी," हौसा म्हणाली, पण हसली. "सहा तास तिकडं."

तो कागद घरी आल्यावर चुलीत गेला. लवूला वाटलं, दिवाळी जाऊ दे, मग सांगू. मग म्हणाला शिमगा जाऊ दे. आफ्रिकेला तो पुन्हा गेला नाही. वाडीतल्या लग्नामुंजीत आचारी म्हणून जायला लागला. संध्याकाळी ओट्यावर माणसं जमायची, सफारी ऐकायची, आणि हौसा खांबाशी येऊन बसायची. तिच्यासाठी त्याला महिपत जिवंत ठेवावा लागायचा. मसाई गावात महिपत कसा गेला, शेणाने सारवलेली घरं बघून "ही तर आपलीच" कसा म्हणाला, हे सांगायचं. ते खरंच होतं. पण गोष्ट कुठल्या नदीच्या आसपास आली की लवू उठायचा. "दमलो आता," म्हणायचा.

एकोणतीस साली गोळपच्या रघूने हौसाला मागणी घातली. रघू गलबतावर तांडेल, बायको बाळंतपणात गेलेली, माणूस निर्व्यसनी. आमच्यात बाईचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात कमीपणा नाही. हौसाला तेव्हा पंचविसावं. तिचा बाप लवूकडे आला.

"लवू, तुझ्या आईची शपथ घालत नाय. नुसतं सांग. जावई हाय का नाय? चार सालं पत्र नाय. नसेल तर पोरीचं मार्गी लागेल."

लवूच्या तोंडात 'नाय' आलं होतं. पण लगेच पुढचं आलं: मग चार सालं काय सांगत होतास? धक्क्यावर काय सांगितलंस? ओट्यावर काय सांगितलंस? लवूने पानाचा देठ खुडला, पुन्हा खुडला.

"हाय," म्हणाला. "गेल्या साली एक खलाशी भेटलेला, त्यानं बघितला."

म्हातारा उठून गेला. रघूने वर्षाने दुसरीकडे पाट लावला. पुढे त्याची चार पोरं पावसच्या बाजारात हौसाच्या पाटीतली भाजी घ्यायला यायची. हौसा मूठभर जास्त घालायची. ते पाहिल्यापासून लवू बाजारात जात नसे.

सदतीस साल उजाडलं. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, ही रीत. देवळाच्या पडवीत भावकी बसली. वाडीचे मुख्य, गावकर काशीरामतात्या म्हणाले, पुतळा करू, माणूस मोकळा होईल. हौसा दाराशी उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"जित्या मान्साचा पुतळा जाळतात?" ती म्हणाली. "भावोजींना विचारा. शेवटचं त्यांनी बघितलं. त्यांनी हाय म्हटलं तर मी अजून बारा सालं बसेन."

सगळे लवूकडे वळले. एकदा 'हाय' म्हटलं की झालं. पण अजून बारा सालं! लवूने तिच्या हातांकडे बघितलं. चुडा नवाच होता. दर दिवाळीला ती नवा भरायची.

लवू बोलला. वाळू, मुटुआ, भरती, ओंडका. सगळं. जागा मी दाखवली, हेही.

हौसाने विचारलं, "त्या दिशी जेवले होते?"

"जेवला होता. भात नि सुकट."

"बरं." मग म्हणाली, "रघूचं आलं तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं," लवू म्हणाला.

"पंचवीस वर्षांची होते, भावोजी."

बास. शिवी नाही, आरडाओरडा नाही. दिली असती शिवी तर बरं झालं असतं, असं लवू पुढे म्हणायचा.

पुतळा केला. पळसाची पानं, दर्भ, डोक्याच्या जागी नारळ. आमच्याकडे मसणवट खाडीच्या पुळणीवर. तिरडी तिथे टेकवली तर हौसा, बाई असून, मागोमाग आलेली.

"हितं नको. वर घ्या."

"अगो, भरती हितवर येत नाय," काशीरामतात्या म्हणाले.

"वर घ्या."

वर घेतली. माडांच्या रांगेपाशी टेकवणार तोच पुन्हा म्हणाली, "अजून वर." शेवटी पानांचं ते मढं घाटी चढून सड्यावर नेलं. कातळावर. तिथे आजवर कुणाला अग्नी दिलेला नाही. लवू मागून लाकडं वाहत होता. त्याच्या हातचं लाकूड तिने घेऊ दिलं नाही. त्याने ती लाकडं तशीच खाली आणली.

त्यानंतर ओट्यावर कोणी येईना. पुढे पुढे तर भलतंच सुरू झालं. जो माणूस बारा सालं असं खोटं बोलला तो काय काय बोलला असेल? जिराफ खोटा. गुलाबी पक्षी खोटे. पंगतीत वाढायला वाकला की कोणी तरी मागून म्हणायचं, "लवूतात्या, वारुळात पाव! नागोबानं लोणी लावून दिलान का?" आणि पंगत हसायची. मोंबासाच्या पुढे तो गेलाच नव्हता, धक्क्यावर हमाली करत होता, असंही कोणी उठवलं. लवू वाढत पुढे जायचा.

तो गेला होता. त्याने वारुळात पाव भाजला. सिंहाची डरकाळी ऐकत भाजला, साहेबाने टोपी काढून वाखाणला. ह्या तालुक्यात दुसरा कोणी असेल तर पुढे यावं. महिपतच्या पत्रात ते शाईने लिहिलेलं आहे. ते पत्र हौसाच्या पेटीत आहे. ज्या लग्नात पंगत हसायची त्यात हौसाही बायकांच्या रांगेत जेवायला असायची. तिने एकदा मान वर करून "खरं हाय ते" म्हटलं असतं तरी पुरे होतं.

ती पानातला भात कालवत राहायची.