बोट ठेवून शिकलेली भाषा

तेजाबाचा वास आला की केरळातले माझे पहिले दिवस आठवतात. सांगलीकडची शाळा नववीत सोडून मी इथं, आमच्याच भागातल्या मालकांकडं सोनं गाळायला आलो. शेजारची म्हातारी एकेका वस्तूवर बोट ठेवून मला तिची भाषा शिकवायची: भात, पाणी, दार. तिच्यामुळंच मी टिकलो. तिचा मुलगा वारला तेव्हा ती उंबऱ्यात एकटीच बसली होती. दुःखावर बोट ठेवता येत नाही, म्हणून तो शब्द मला आलाच नव्हता. मी मान खाली घालून दुकानात शिरलो. "आरं, नुसतं शेजारी बसायचंस की," मालक म्हणाले, "त्याला कुठली भाषा लागती रं?" आता तिची भाषा मी घडाघडा बोलतो. ती रोज भेटते, मी जेवण झालं का विचारतो, पण तिच्या मुलाबद्दल अजून एक शब्द काढलेला नाही.